गाडी का पळेना?

बालमित्रांनो, ‘पान का सडलं? घोडा का अडला? भाकरी का करपली?’ हे कोडं तुम्ही आजीकडून ऐकलंच असेल. प्रश्न तीन, पण उत्तर एकच : ‘फिरवलं नाही म्हणून!’ आज आपण याच्या अगदी उलट कोडं सोडवू या. प्रश्न एकच, पण त्याची उत्तरं मात्र दहा-बारा! तो प्रश्न असा : ‘जुनी मोटारसायकल का पळेना?’

आपल्याकडे कितीतरी घरांत पहिली मोटारसायकल येते ती कुणाची तरी वापरलेलीच. तिला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. आणि चार दिवसांनी बाबा म्हणतात, “गाडी पन्नासच्या वर जातच नाही!” शेजारचे काका म्हणतात, “प्लग बदला.” मामा म्हणतो, “इंजिन गेलं.” जो तो आपापलं औषध सांगतो. पण रोग कोणता, हे कुणीच बघत नाही.

वेग कमी पडणं हा रोग नव्हेच, ते नुसतं लक्षण आहे. ताप येतो ना, तसं. ताप सर्दीने येतो, हिवतापाने येतो, जखम चिघळली तरी येतो. डॉक्टर आधी नाडी बघतात, जीभ बघतात, मगच गोळी देतात. गाडीचंही तसंच करायचं. बेरीज चुकली म्हणून आपण सगळी वही फाडून टाकत नाही; कोणत्या पायरीवर चुकली ते शोधतो. तशाच पायऱ्या आज शिकू या.

गाडीची ताकद तरी किती?

‘शंभर सीसीची गाडी’ असं आपण म्हणतो. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. आपल्याकडे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर आली. त्यांच्या इंजिनातल्या नळकांड्याचा, म्हणजे सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, आणि त्यात पिस्टन वर-खाली सरकतो ४९.५ मिलिमीटर. वरच्या वर्गातल्या दादा-ताईंनी वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरून उत्तर काढावं. ९७.२ घन सेंटिमीटर आलं ना? म्हणजे फक्त अर्धा पेला! एवढ्याशा जागेत पेट्रोल आणि हवा पेटवून ही गाडी सुमारे साडेसात अश्वशक्ती निर्माण करते. सपाट रस्ता आणि एकच माणूस असेल, तर ती ताशी ८० ते ८५ किलोमीटरपर्यंत जाते. जुनी गाडी ७० ते ७५ पर्यंत गेली तरी तिला नावं ठेवू नयेत.

ती याहून जास्त का पळत नाही? कारण समोरची हवा तिला अडवते. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. म्हणूनच इंजिनातला लहानसा बिघाड गावात ३० च्या वेगाने जाताना कळतसुद्धा नाही. हमरस्त्याला लागलं, की लगेच कळतो.

आणखी एक गंमत. उंचावर हवा विरळ असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तिथे इंजिनाला कोकणातल्यापेक्षा कमी हवा मिळते, त्यामुळे ताकदही दहा-बारा टक्क्यांनी घटते. हा काही बिघाड नव्हे. चढ, समोरचा वारा, मागे बसलेले दोघे आणि मांडीवर धान्याचं पोतं, हासुद्धा नव्हे!

काटा खरं बोलतो का?

सर्वांत आधी साक्षीदार तपासायचा. आपला साक्षीदार म्हणजे वेगाचा काटा. जुन्या गाडीत तो पुढच्या चाकातून आलेल्या केबलवर फिरतो आणि कधीकधी चुकतो.

गणित सोपं आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर जायला ९० सेकंद लागतात. मोकळ्या रस्त्यावर एका मोठ्या माणसाने काटा ४० वर स्थिर ठेवून गाडी चालवावी. मागे बसलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत घड्याळ लावावं. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवं. ९० सेकंद लागले तर काटा खरा. ८० सेकंदच लागले तर गाडी प्रत्यक्षात ४५ ने धावते आहे. म्हणजे गाडी शहाणी, काटाच वेडा! मग दुरुस्ती इंजिनाची नव्हे, काट्याची करायची.

काटा खरा निघाला, की पुढचे तीन प्रश्न क्रमाने विचारायचे. बिनपैशाची तपासणी आधी, खर्चाची शेवटी.

प्रश्न पहिला : चाक मोकळं फिरतं का?

टायरमध्ये हवा कमी असली, की चाक रस्त्यावर दबून चालतं. तसं का, हे हवा कमी असलेली सायकल चालवून पाहिलीत की तुम्हीच सांगाल. किती हवा हवी, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

मग इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून डबल स्टँडवर उभी करायची आणि मोठ्या माणसाने मागचं चाक हाताने फिरवायचं. ते थोडा वेळ सहज फिरत राहिलं पाहिजे. घासल्याचा आवाज येऊन लगेच थांबलं, तर ब्रेक जास्त आवळलेला आहे, किंवा ब्रेक शू ज्यावर फिरतात तो खिळा गंजून अडकला आहे. पुढचं चाकही उचलून असंच पाहावं. चेन फार ताणलेली असली किंवा कोरडी पडली असली, तरी शक्ती वाया जाते. चेन मधोमध वर-खाली हलवली, की साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी आठवडी बाजारात भाजी न्यायला जुनी गाडी घेतली. ती ४५ च्या वर जाईना. एका गॅरेजमध्ये सांगितलं, “बोअर गेला. इंजिन उघडावं लागेल.” खर्च काही हजारांचा! घरात तेवढेच पैसे होते, तेही बियाणं घ्यायला ठेवलेले. आम्ही तेव्हा वर्गात घर्षण शिकत होतो. मुलगी घरी जाऊन म्हणाली, “बाबा, आधी चाक तरी फिरवून बघा की!” चाक अर्धा फेरासुद्धा नीट घेईना. दुसऱ्या मिस्त्रींनी ब्रेक उघडला, गंज घासून काढला, वंगण दिलं आणि ब्रेक पुन्हा बेताचा आवळला. धुळीने भरलेला एअर फिल्टरही साफ केला. गाडी ७० पर्यंत जाऊ लागली, पेट्रोलही कमी लागू लागलं. बियाण्याचे पैसे बियाण्यालाच गेले.

पाहा, घोड्यासारखंच झालं. ‘फिरवलं नाही म्हणून’ इथेही अडलंच होतं!

प्रश्न दुसरा : ताकद चाकापर्यंत पोचते का?

चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर पिळल्यावर इंजिन नुसतंच ओरडतं, पण वेग वाढत नाही. असं झालं तर क्लच घसरतो आहे, हे ओळखावं. कधी क्लच प्लेटा झिजलेल्या असतात. पण कधी नुसती क्लचची केबल फार ताणलेली असते आणि क्लच कायमचा अर्धा दाबलेला राहतो. लिव्हर दाबताना सुरुवातीला तो थोडा सैल हलला पाहिजे. केबल सैल करायला एकही पैसा लागत नाही. प्लेटा बदलायला मात्र लागतो. मग आधी काय पाहायचं?

दातांचं गणितही करून बघा. इंजिनाकडच्या चेनचक्राला १४ दात आणि मागच्या चक्राला ४२ दात असतील, तर पुढचं चक्र ३ वेळा फिरल्यावर मागचं एकदा फिरतं. आधीच्या मालकाने ओझं ओढायला सोपं जावं म्हणून मागे ४५ दातांचं चक्र बसवलं असेल तर? इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत जी गाडी ७५ ने जायची, ती आता ७० नेच जाईल. बिघाड काहीच नाही, नुसती अदलाबदल! म्हणून इंजिन बंद असताना दात मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा.

प्रश्न तिसरा : इंजिनात ताकद तयार होते का?

चूल पेटायला काय काय लागतं? हवा, जळण आणि ठिणगी. इंजिनाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे दाब.

हवा : एअर फिल्टर धुळीने बुजला, की इंजिनाचा श्वास कोंडतो. काही गाड्यांत फिल्टर फोमचा असतो, तो धुता येतो. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. चोक अर्धवट ओढलेला राहिला, तरी हवा कमी मिळते. आणि इंजिन बंद असताना मिस्त्रींकडून एवढंही पाहून घ्यावं, की ॲक्सिलेटर पूर्ण पिळल्यावर कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का? केबलच सैल असेल, तर पूर्ण पिळूनही ती अर्धीच उघडते!

जळण : टाकीतला गंज आणि गाळ पेट्रोलच्या कॉकच्या जाळीत किंवा कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते बुजलं, तर पेट्रोल खाली उतरेनासं होतं, गाडी थोडी पळते आणि मग मरगळते. झाकण उघडल्यावर ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर चोर सापडला! थोडा चोक ओढल्यावर गाडी जास्त चांगली पळत असेल, तर पेट्रोल कमी पडतं आहे, असा अंदाज बांधावा. एप्रिल २०२० नंतरच्या नव्या नियमांच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं. त्यांची तपासणी यंत्र लावून करावी लागते.

ठिणगी : प्लग म्हणजे इंजिनाची जीभ! टोक बिस्किटी रंगाचं असेल, तर तब्येत ठीक. काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरं फटक असेल, तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आहे. तेलकट असेल, तर इंजिनातलं ऑइल वर चढतं आहे.

दाब : हे सर्व ठीक निघालं, तरच शेवटी दाबाकडे, म्हणजे कॉम्प्रेशनकडे वळायचं. आधी टॅपेट तपासून घ्यावेत. तिथली फट मिलिमीटरच्या काही शतांशाइतकीच असते, पण ती नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. जाणता मेकॅनिक गेज लावून दाब मोजतो, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर इंजिनात ऑइल जळतं आहे. इतकं सगळं पाहून झाल्यावरच ‘इंजिन उघडा’ म्हणायचं.

यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी साचून धुराची वाट बुजते. उच्छ्वास कोंडला तर नवा श्वास कसा घेता येईल? तिथे सायलेन्सर साफ करून घ्यायला हवा.

पालकांसाठी दोन शब्द

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि मग गाडी चालवून पाहा. प्लग, फिल्टर, क्लच सगळं एकदम बदललं, तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि खर्च मात्र तिप्पट होतो. चाक मोकळं केल्यावर ब्रेक नीट लागतो ना, याची खात्री आधी करा. ३० च्या वेगापेक्षा ६० च्या वेगात ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. गाडी ८० ने जाऊ शकते, म्हणून ती ८० ने न्यायची नसते.

आणि मुलांच्या हाती किल्ली देऊ नका. गिअरची मोटारसायकल चालवायला १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. २०१९ साली कायद्यात झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवली, तर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग मुलांनी काय करायचं?

मुलांनो, तुमचं काम सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही व्हायचं गाडीचे चिटणीस! एक वही करा. तारीख, किती किलोमीटर झाले, किती पेट्रोल भरलं, हवा कधी तपासली, काय बदललं, मग काय फरक पडला, सगळं लिहा. चालत्या चेनजवळ बोट न्यायचं नाही, गरम सायलेन्सरला हात लावायचा नाही, बंद खोलीत इंजिन सुरू करू द्यायचं नाही, कारण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. आणि पेट्रोलजवळ काडी ओढायची नाही, बरं का!

आता ओळखा पाहू :

१. इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही.
२. गाडी ढकलतानाही जड लागते.
३. दहा किलोमीटर छान पळते, मग मरगळते. टाकीचं झाकण उघडून लावलं, की पुन्हा पळते.

(उत्तरं : १. क्लच घसरतो आहे. २. ब्रेक, टायरमधली हवा किंवा चेन तपासा. ३. झाकणाचं भोक बुजलं आहे.)