गोधडी भिंतीवर चढली, हक्काचे काय?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील अनेकांचे आडनाव पेटवे. हे नाव त्यांच्या पूर्वजांचे नव्हे, पूर्वजांना गुलाम म्हणून राबविणाऱ्या मळेवाल्याचे! याच वस्तीतील स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्युस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात पोचल्या. मोठमोठ्या समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांवर टपाल तिकिटे काढली.

पण या गोधड्या प्रदर्शनासाठी शिवल्याच नव्हत्या. फटी असलेल्या घरात लेकरांना थंडी वाजू नये म्हणून त्या शिवल्या. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण म्हणून आणि त्याची ऊब म्हणूनही. गुडघ्यावर झिजलेली ती विजार हाच त्या माणसाच्या श्रमाचा दस्तऐवज होय.

या स्त्रिया केवळ सुईदोऱ्यात गुंतलेल्या नव्हत्या. मतदार नोंदणीसाठी कृष्णवर्णीय नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये तेथील नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले! १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या वस्तीत आले. १९६६ मध्ये याच परिसरातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था उभारली. मताचा हक्क आणि पोटाचा हक्क हे दोन्ही लढे त्यांनी एकाच वेळी लढले.

प्रश्न पुढेच आहे. गोधड्यांची कीर्ती झाली, त्यांच्या नक्षीच्या वस्तू बाजारात आल्या. त्यातला वाटा कुणाला? २००७ मध्ये यांपैकी तीन स्त्रियांनी न्यायालयात दावे दाखल केले. आपला मोबदला आणि आपल्या नक्षीचा हक्क डावलला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिवादींनी आरोप नाकारले. २००८ मध्ये दावे तडजोडीने मिटले. तेव्हा दोष कुणाचा हे न्यायालयाने ठरविले नाही. परंतु भिंतीवरचा सन्मान आणि कागदावरचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जगासमोर आले.

आपल्या आयाबायांनीही जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या. त्या प्रदर्शनात गेल्या की खाली अनेकदा 'पारंपरिक लोककला' एवढीच चिठ्ठी लागते. शिवणारीचे नाव कुठे आहे? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलात्मक हस्तकारागिरीलाही संरक्षण देतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. आणि हक्क विकल्यावरही, 'ही कृती माझी' असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार कर्त्याकडेच राहतो. वस्तू विकली म्हणजे नक्षी विकली, असे होत नाही.

म्हणूनच कार्यकर्त्यांनो, कोणी गोधडी मागायला आले तर आईचे नाव लिहून घ्या, कागद वाचून दाखवा आणि मगच अंगठा किंवा सही द्या. जीज बेंडच्या स्त्रियांनी २०२१ पासून इंटरनेटवर स्वतःच्या नावाने दुकाने मांडली. टाका ज्याचा, नाव त्याचे आणि दामही त्याचाच! हा कलेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.