बचत कोणाची, भुर्दंड कोणाला?

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये कामशेत, वडगाव वा तळेगावला चढलेला प्रवासी ‘टीसी’ ही दोन अक्षरे कानी पडताच खिशातला पास चाचपतो. महाविद्यालयाच्या कचेरीतील लिपिकाच्या लेखी तीच अक्षरे म्हणजे स्थलांतराचा दाखला. मोबाइलवरील गप्पा आटोपत्या घेणाऱ्या विद्यार्थिनीच्या लेखी मात्र ‘टीसी’ म्हणजे ‘काळजी घे’. ‘एनए’चीही तीच गत. मावळात जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांना त्यातून बिनशेती जमीन दिसते. अर्ज भरणारा तीच अक्षरे ‘लागू नाही’ या अर्थाने रकान्यात लिहून मोकळा होतो.

इंटरनेटवरील चर्चांत असे संक्षेप आता सर्रास आढळतात. ‘लोल’ म्हणजे खळखळून हसणे, ‘बीटीडब्ल्यू’ म्हणजे ‘जाता जाता’, ‘आयएमओ’ म्हणजे ‘माझ्या मते’. यामुळे भाषा बुडाली, अशी हाकाटी वारंवार ऐकू येते. ती इतिहासाला धरून नाही. ‘सा. न. वि. वि.’ वाचून कोणा वडीलधाऱ्याला अपमान वाटला नाही आणि हरिनाम सप्ताहाच्या पत्रकावरील ‘ह.भ.प.’ मावळातील लहान मुलांनाही उमगते. ‘ओएमजी’ हे लघुरूप तर १९१७ साली ॲडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडते.

संक्षेपाच्या मुळाशी बहुधा टंचाई असते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारेची भाषा काटकसरीची झाली. ती तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. मोबाइलच्या एका लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी मात्र अवघी ७०. मराठी मजकूर रोमन लिपीकडे वळण्यास हा हिशेबही हातभार लावणारा ठरला. आज ती टंचाई बव्हंशी सरली आहे. तरीही संक्षेप टिकून आहेत. कारण आता ते जागा वाचवण्यापेक्षा मंडळातला कोण आणि बाहेरचा कोण, हे ओळखण्याची खूण बनले आहेत.

प्रश्न आहे तो खर्चाचा. लिहिणाऱ्याचे दोन क्षण वाचतात आणि चाळीस वाचणाऱ्यांना अर्थ शोधत बसावे लागते. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन ‘लोल’चा अर्थ ‘खूप खूप प्रेम’ असा समजत होते, हे २०१२ साली लेव्हसन चौकशीतील एका साक्षीतून उघड झाले. त्यावर जग हसले आणि विषय संपला. परंतु शाळेच्या पालकगटावर आलेली आद्याक्षरांची सूचना ज्या पालकाला कळत नाही, त्याचे काय? विचारणे म्हणजे अडाणीपणाची कबुली, असे वाटून तो गप्प राहतो. मुदत टळते आणि नुकसान मुलाचे होते.

‘सा. न. वि. वि.’ शाळेत पत्रलेखनाच्या तासाला सर्वांना शिकवले जाई. नवे संक्षेप कोणत्याही वर्गात शिकवले जात नाहीत. मित्रांच्या गप्पांत त्यांना मज्जाव करण्याचे कारण नाही. तथापि जेथे सूचना, पैसा वा जमीन यांचा संबंध येतो, तेथे संक्षेप प्रथम वापरताना पूर्ण शब्द लिहावा, एवढा दंडक शिक्षक आणि लिपिक यांनी पाळणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी लागणारी ओळ आता फुकट आहे.