लेसर-संमीलन : इंधनाचे संपीडन आणि समतोलाचा प्रश्न

हलक्या केंद्रकांच्या संयोगातून जड केंद्रक बनते व ऊर्जा मुक्त होते, या क्रियेस केंद्रकीय संमीलन म्हणतात. सूर्याच्या गर्भात गुरुत्वाकर्षण हायड्रोजनला दाबून धरते. प्रयोगशाळेत हा दाब निर्माण करण्याचा एक मार्ग म्हणजे लेसर होय.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे 'नॅशनल इग्निशन फॅसिलिटी' हे केंद्र 2009 मध्ये पूर्ण झाले. तेथे 192 लेसर शलाका सोन्याचे अस्तर असलेल्या छोट्या पोकळ नळकांड्यात सोडतात. त्यातून निघणारे क्ष-किरण आतील सुमारे 2 मिलिमीटर व्यासाच्या गोळीवर पडतात. गोळीच्या कवचाच्या आतील बाजूस ड्युटेरियम व ट्रिटियमचा गोठलेला थर असतो. कवचाचा बाहेरचा भाग तापून उडतो व त्याच्या प्रतिक्रियेने इंधन आत ढकलले जाते. रॉकेटचे तत्त्व हेच आहे.

इंधन पुन्हा विखुरण्यापूर्वी, सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही कमी काळात, संमीलन घडावे लागते. म्हणून इंधन अतिशय दाट हवे. दाट इंधनातच संमीलनातून निघालेले अल्फा कण अडकतात आणि आजूबाजूच्या इंधनास तापवतात.

मग केवळ लेसरचा जोर वाढवून का भागत नाही? पहिली अडचण उष्णतेची. सायकलच्या पंपातील हवा तापली की दट्ट्या जड जातो; तसेच इंधन वेळेआधी तापले की ते कमी दबते. दुसरी अडचण असमतोलाची. तेलावर पाणी ओतले की दोहोंची सीमा स्थिर राहत नाही, पाण्याच्या जिभा तेलात शिरतात. कवचावरील सूक्ष्म उंचवटेही असेच वाढतात आणि कवचाचे द्रव्य तप्त इंधनात मिसळून त्यास थंड करते.

2012 पर्यंतच्या प्रयोगांत इंधन शक्य तितके थंड ठेवून जास्तीत जास्त दाबण्यावर भर होता. परंतु प्रज्वलन साधले नाही. 2013 पासून लेसर स्पंदाचा आरंभीचा भाग अधिक तीव्र करण्यात आला. त्यामुळे संपीडन थोडे घटले, मात्र उंचवट्यांची वाढ आटोक्यात आली व ऊर्जा वाढली. पुढे प्लास्टिकऐवजी हिऱ्याचे कवच आले आणि इंधन भरण्याची नळी अधिक बारीक झाली. 2022 मध्ये कवच किंचित जाड करून शलाकांमधील ऊर्जेची वाटणीही सुधारण्यात आली. 5 डिसेंबर 2022 रोजी 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळाली.

हे यश वर्गात सांगताना एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. 2.05 मेगाज्यूल ही लक्ष्यावर पोहोचलेली ऊर्जा होय. ती निर्माण करण्यासाठी लेसर यंत्रणेला सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली. म्हणजे भौतिकीचा प्रश्न सुटला, वीजनिर्मितीचा नव्हे. विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्रच समजून घेतल्या पाहिजेत.