खिशातल्या ई-मेलची किंमत

ब्लॅकबेरी फोनवर ई-मेल आपोआप येऊन पडे, याचे एकेकाळी मोठे अप्रूप होते. पण बिनतारी ई-मेलची पेटंट आपली आहेत, असे सांगत अमेरिकेतील ‘एनटीपी’ कंपनीने २००१मध्ये ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कॅनडाच्या ‘रिसर्च इन मोशन’वर खटला भरला. ही पेटंट अभियंते थॉमस कॅम्पाना यांच्या कामावरची. एनटीपी स्वतः फोन बनवत नव्हती. २००२मध्ये ज्युरीचा कौल एनटीपीच्या बाजूने लागला. दुसरीकडे पेटंट कार्यालय फेरतपासणीत हीच पेटंट प्राथमिक निर्णयात नाकारत होते. न्यायालय मात्र त्यासाठी थांबले नाही. सेवा बंद पडण्याच्या धास्तीने ‘रिसर्च इन मोशन’ने मार्च २००६मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. कॅम्पाना २००४मध्येच वारले होते. पेटंट टिकणार की नाही, हे ठरण्याआधीच पैसे चुकते झाले!