टाकी निघाली, पेट्रोल कुठे गेलं?

पुण्याहून नगर रस्त्याने वाघोलीत शिरलं की पेट्रोल पंप लागतातच. एखादा पंप बंद होतो किंवा हलतो, मग जेसीबी येतो, टाकी निघते, खड्डा बुजतो. पण टाकी आधीच गळत असेल तर? गळलेलं इंधन मातीतच राहतं, आणि तिथून पुढची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते.

१ लिटर पेट्रोल, ८०-९० टँकर! बीएस-६ पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं, म्हणजे लिटरमागे साधारण ९ ग्रॅम. हे बेन्झीन कर्करोगाला कारण ठरतं, म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आता गणित मांडा. १ लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन जवळपास ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. १० हजार लिटरच्या टँकरने मोजा, आकडा ८०-९० वर जातो. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या वाघोलीकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे जिभेला बेन्झीन कळेपर्यंत त्याचं प्रमाण मर्यादेच्या किमान ५० पट झालेलं असतं.

गळती किती बारीक? सेकंदाला एक थेंब धरा. वर्षाला दीड हजार लिटर.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची. पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात, आणि रिकाम्या टाकीत वाफच उरते. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. म्हणून वाफ पूर्ण गेल्याचा दाखला मिळाल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, वेल्डिंगही करायचं नाही, असा नियम आहे. पेट्रोल साठवण्याच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. अमेरिकेत टाकी जमिनीतून काढण्याआधी तिच्यात कोरडा बर्फ टाकतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आतला प्राणवायू हुसकावून लावतो.

आणि हो, रिकामी टाकी जमिनीतून वर येऊ शकते! २० हजार लिटरची टाकी पावसाळ्यात भूजलात बुडाली, की पाणी तिला सुमारे २० टनांच्या जोराने वर ढकलतं. म्हणून तिला खाली जखडून ठेवावं लागतं.

आपल्याकडचा खरा पेच मात्र कातळाचा. वाघोलीच्या खाणींत उभे कडे पाहिलेत, तर वर मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा पाषाण दिसतो. पेट्रोल मुरमातून झिरपतं आणि भेग नेईल तिकडे जातं. पंप इथे आणि वास येणारी बोअर भलतीकडेच, असं होऊ शकतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे भूजलावर त्याचा तवंग धरतो. पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, तवंगही तिच्यासोबत वरखाली होऊन मातीचे नवे थर माखत राहतो.

मातीतले काही जिवाणू हे इंधन खातात, ही दिलासा देणारी बाब. तेल खाणारा जिवाणू घडवणारे आनंद मोहन चक्रवर्ती १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटची लढाई जिंकले. ‘टेरी’ या संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण २०१० मध्ये मुंबईजवळ जहाजांच्या टकरीनंतर सांडलेल्या तेलावर वापरलं गेलं. पण पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं, की जिवाणू आधी त्याच्यावर ताव मारतात, प्राणवायू संपवतात, आणि बेन्झीन मागे उरतं. आज आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, हे लक्षात घ्या.

अमेरिकेत अशा टाक्यांच्या ५ लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. सफाईच्या निधीसाठी तिथे गॅलनमागे ०.१ सेंट कर घेतात. भारतात दूषित जागांसाठीचे स्वतंत्र नियम आले ते थेट २०२५ मध्ये.

तेव्हा जुन्या पंपाच्या जागेवर उभी राहणारी इमारत बघायला गेलात, तर क्लब हाउसच्या आधी दोन कागद मागा: टाक्या काढल्यानंतरच्या माती तपासणीचा अहवाल आणि बोअरच्या पाण्याचा अहवाल. नेहमीच्या पाणी तपासणीत बेन्झीन मोजत नाहीत, ते वेगळं सांगून मोजून घ्या.