घोट्याचा कृत्रिम सांधा आणि पोटरीचे बळ

गुडघा झिजतो तो बहुधा वयोमानाने. घोट्याची झीज मात्र बहुतेक वेळा जुन्या अस्थिभंगातून किंवा वारंवार पाय मुरगळण्यातून उद्भवते. साहजिकच तिचे रुग्ण तुलनेने तरुण असतात व शस्त्रक्रियेनंतर त्यांना पुष्कळ वर्षे चालावयाचे असते. घोट्याची हाडे परस्परांस कायमची जोडून टाकणे हा यावरील जुना उपाय. त्याने वेदना शमते. परंतु सांध्याची हालचाल थांबून तिचा भार शेजारच्या सांध्यांवर पडतो. ही उणीव दूर करण्यासाठी १९७० मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम घोटा बसविण्यात आला. सिमेंटने बसविलेले आरंभीचे सांधे लवकर सैल झाले. पुढे धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिएथिलीनची सरकती चकती असलेली रचना प्रचारात आली.

तथापि सांधा बदलला म्हणजे चाल बदलली, असे समजणे योग्य नव्हे. चालताना प्रत्येक पाय एका पदचक्राचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर असतो. टाच टेकताच नडगीपुढील स्नायू चवड्याला सावकाश खाली उतरवितो. मग पोटरीचे स्नायू ताणले जात असतानाच नडगीचे पुढे झुकणे आवरून धरतात आणि अखेरीस तेच आकसून शरीरास पुढे रेटा देतात. सांधा ही केवळ बिजागरी होय. दार ढकलणारा हात पोटरीचा असतो.

घोटा वर्षानुवर्षे दुखत असला की रुग्ण हा रेटा देण्याचेच टाळतो. पावले आखूड पडतात, भार दुसऱ्या पायावर जातो आणि पोटरी कृश होते. शस्त्रक्रियेने वेदनेचे कारण दूर होते. अंगवळणी पडलेली चाल आणि स्नायूंची क्षीणता मात्र मागे उरते. म्हणूनच प्रारंभीच्या काही महिन्यांत चालणे पूर्वीपेक्षाही अवघड वाटू शकते. वर्षभरात गती व पावलांची लांबी बरीच सुधारते. परंतु पोटरीचे बळ निरोगी पायाच्या बरोबरीस सहसा पोहोचत नाही. शिवाय नव्या सांध्याची हालचाल बव्हंशी शस्त्रक्रियेपूर्वीच्या हालचालीवरच अवलंबून राहते.

यास्तव वेदनाशमन आणि क्ष-किरणचित्रातील सांध्याची स्थिरता एवढ्यावरच या शस्त्रक्रियेचे यश ठरविणे अपुरे होय. पोटरीचा रेटा किती परत आला, याचेही मापन दीर्घकाळ व्हावयास हवे. शल्यचिकित्सक रुग्णास बिजागरी देऊ शकतो. बळ मात्र नियमित व्यायामानेच हळूहळू मिळवावे लागते.