नोंद, अनुमान आणि जबाबदारी : विदा-पत्रकारितेतील तीन प्रसंग

वृत्तपत्रात आकडे छापण्याची प्रथा नवी नाही. ‘मँचेस्टर गार्डियन’ ह्या पत्राचा पहिला अंक ५ मे १८२१ रोजी निघाला; त्यातच मँचेस्टर व सॉल्फर्ड येथील शाळांची विद्यार्थिसंख्या आणि खर्च दर्शविणारे कोष्टक होते. बाजारभाव, पर्जन्यमान व मतमोजणी ह्यांच्या कोष्टकांशी तर प्रत्येक वाचकाचा परिचय असतो. तेव्हा केवळ आकड्यांच्या विपुलतेवरून विदा-पत्रकारितेला स्वतंत्र शाखा म्हणता येणार नाही. तिचे वेगळेपण आकड्याकडे सोपविलेल्या कार्यात आहे. रूढ वृत्तलेखनात कोणी अधिकारी किंवा जाणकार विधान करतो व आकडा त्या विधानाला पुष्टी देतो. विदा-पत्रकारितेत पत्रकार शेकडो अथवा हजारो नोंदींची स्वतः तुलना करतो आणि कोणीही न सांगितलेले अनुमान स्वतःच्या जबाबदारीवर मांडतो. विधान दुसऱ्याचे असेल तर त्याच्या खरेखोटेपणाचा भार काही अंशी त्या दुसऱ्यावर असतो. अनुमान स्वतःचे असेल तर तो सर्व पत्रकारावर येतो. ह्या भाराचे स्वरूप नोंदींच्या स्थितीप्रमाणे पालटते. नोंद मुळातच नसणे, ती असून अपुरी असणे, आणि ती आवाक्याबाहेर विपुल असणे अशा तीन स्थिती संभवतात. त्यांपैकी प्रत्येकीचे एक उदाहरण येथे विचारात घेतले आहे.

पहिले उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे आहे. जुलै १९६७ मध्ये तेथे उसळलेल्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली. दंगल कोणी व का केली ह्याविषयी दोन उपपत्ती तत्काळ प्रचलित झाल्या. दंगलखोर हे समाजाच्या तळाचे, अशिक्षित व निराश लोक होत, ही पहिली. दक्षिणेकडील खेड्यांतून आलेले व नागरी जीवनाशी जुळवून घेऊ न शकलेले स्थलांतरित हेच दंगलीचे मूळ, ही दुसरी. दोन्ही उपपत्ती सोयीच्या होत्या. परंतु त्या पडताळून पाहण्यास आवश्यक अशी कोणतीही नोंद उपलब्ध नव्हती. फिलिप मेयर हे पत्रकार त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वर्षभर राहून सामाजिक संशोधनाच्या पद्धती शिकले होते. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात झालेल्या दंगलीचा विद्यापीठीय अभ्यासही त्यांना ठाऊक होता. ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’साठी त्यांनी मिशिगन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञांच्या साहाय्याने दंगलग्रस्त भागातील ४३७ कृष्णवर्णीय रहिवाशांची नमुनापाहणी केली व उत्तरांचे पृथक्करण संगणकावर करविले. तीत दोन्ही उपपत्ती टिकल्या नाहीत. महाविद्यालयापर्यंत पोचलेले लोक दंगलीत भाग घेण्याच्या बाबतीत शाळा अर्धवट सोडलेल्यांहून मागे नव्हते. आणि दक्षिणेत वाढलेल्यांपेक्षा उत्तरेतच वाढलेल्यांचा सहभाग अधिक आढळला. १९७३ मध्ये मेयर ह्यांनी ह्या पद्धतीचे विवेचन ‘प्रिसिजन जर्नालिझम’ ह्या ग्रंथात केले.

येथे संगणकापेक्षा पृथक्करणाची रचना अधिक महत्त्वाची आहे. केवळ दंगलखोरांचीच विचारपूस केली असती तर त्यांच्यात अल्पशिक्षित किती हे कळले असते. परंतु अल्पशिक्षण हे दंगलीचे कारण की त्या वस्तीचेच सर्वसाधारण लक्षण, ह्याचा निर्णय झाला नसता. दंगलीत असलेले व नसलेले ह्या दोहोंना एकच प्रश्न विचारल्यामुळे तुलना शक्य झाली.

दुसरे उदाहरण नोंदीच्या अपुरेपणाचे आहे. अमेरिकेत १९७५ च्या एका कायद्याने बँकांना व बचतसंस्थांना जनगणनेच्या विभागांनुसार आपल्या गृहकर्जांचा तपशील जाहीर करणे भाग पडले होते. बिल डेडमन ह्यांनी १९८१ ते १९८६ ह्या काळातील असा तपशील जमवून मे १९८८ मध्ये अटलांटाच्या ‘जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’मध्ये ‘द कलर ऑफ मनी’ ही लेखमाला लिहिली. गोऱ्यांच्या वस्तीत अधिक कर्जे जातात एवढेच दाखविले असते तर गोऱ्यांचे उत्पन्न अधिक असते हे उत्तर तयार होते. डेडमन ह्यांनी म्हणूनच समान उत्पन्नाच्या मध्यमवर्गीय वस्त्या समोरासमोर ठेवल्या. तरीही गोऱ्यांच्या वस्त्यांना कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या पाचपट प्रमाणात कर्जे मिळाल्याचे दिसून आले. वस्तीतील पात्र घरांच्या संख्येशी कर्जसंख्येची तुलना करून हे प्रमाण काढले होते. मोठ्या वस्तीत कर्जे अधिक असणारच, हा आक्षेपही त्यामुळे उरला नाही.

एक आक्षेप मात्र उरलाच. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून अर्जच कमी येत असतील तर कर्जेही कमीच दिली जाणार. आणि नाकारलेल्या अर्जांची नोंद त्या जाहीर तपशिलात नव्हती. लेखमालेतील आकड्यांवरून भेदाचे अस्तित्व सिद्ध होत होते. त्या भेदास प्रत्येक बँकेचा निर्णय कितपत कारण होता हे सिद्ध होत नव्हते. ही त्रुटी पुढील कामाची दिशा ठरली. जानेवारी १९८९ मध्ये त्याच पत्राने शासनाकडून मिळविलेल्या देशव्यापी आकड्यांच्या आधारे बचतसंस्थांत कृष्णवर्णीयांचे अर्ज गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात नाकारले जातात असे दाखविले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अर्जदाराचा वंश, उत्पन्न व अर्जाचा निकाल ह्यांची नोंद जाहीर करणे बंधनकारक झाले.

तिसऱ्या उदाहरणात अडचण नेमकी उलट होती. पनामा येथील मोसॅक फॉन्सेका ह्या विधिसंस्थेचे सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज एका अनामिक व्यक्तीने ‘झ्यूडडॉइच त्साइटुंग’ ह्या जर्मन वृत्तपत्राकडे पोचविले. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघामार्फत ३७० हून अधिक पत्रकारांनी त्यांचा अभ्यास केला. भारतातून ‘इंडियन एक्स्प्रेस’ त्यात सहभागी होते. ३ एप्रिल २०१६ रोजी ‘पनामा पेपर्स’ जगभर एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ह्या संग्रहात ४८ लाख ई-पत्रे होती, तशीच लक्षावधी पृष्ठचित्रेही होती. चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचे शोधण्याजोग्या मजकुरात रूपांतर करणे, सर्व देशांतील सहकाऱ्यांना सुरक्षितपणे शोध घेता येईल अशी सूची उभारणे, आणि व्यक्ती, कंपनी व पत्ता ह्यांना बिंदू मानून त्यांतील संबंध रेषांनी दाखविणारा विदासंच तयार करणे अशा तीन टप्प्यांत यंत्राचे कार्य झाले.

त्यापुढील कार्य माणसांचे होते. सूचीत एखादे नाव सापडले म्हणजे ती व्यक्ती सापडली असे होत नाही. एकाच नावाची अनेक माणसे असतात. म्हणून जन्मतारीख, पारपत्र, स्वाक्षरी व पत्ता जुळवून ओळख पटवावी लागते. ओळख पटली तरी परदेशात कंपनी असणे हा स्वतःच गुन्हा नव्हे. आइसलँडचे पंतप्रधान सिगमुंडुर गुनलॉगसन ह्यांना त्या एप्रिलमध्येच पद सोडावे लागले. तेथे मुख्य आक्षेप होता तो त्यांच्या पत्नीच्या परदेशस्थ कंपनीचे कोसळलेल्या बँकांशी असलेले हितसंबंध जाहीर न केल्याचा. जून २०२४ मध्ये पनामाच्या न्यायालयाने ह्या प्रकरणातील २८ आरोपींना दोषमुक्त केले. विधिसंस्थेच्या संगणकांतून घेतलेल्या पुराव्याच्या ताब्याची अखंड साखळी सिद्ध झाली नाही, हे त्याचे एक कारण होते. न्यायालय व वृत्तपत्र ह्यांच्या पुराव्याच्या कसोट्या भिन्न आहेत हे ह्यावरून ध्यानात येते. लोकहिताचा प्रश्न उपस्थित करण्यास पुरेसा असलेला पुरावा शिक्षेला पुरेलच असे नाही. ही मर्यादा लेखनात उघड न ठेवल्यास वाचक प्रश्नालाच निकाल समजतो आणि त्याची हानी ज्याचे नाव छापले त्याला सोसावी लागते.

तीनही प्रसंगांत पत्रकारांनी आपल्या निष्कर्षाला विरोध करू शकेल असे स्पष्टीकरण आधी शोधले. डेट्रॉइटमध्ये ते प्रचलित उपपत्तींच्या रूपाने समोर होते. अटलांटात ते उत्पन्नाच्या फरकात होते. पनामा प्रकरणात ते नामसादृश्यात व कायदेशीर व्यवहाराच्या शक्यतेत होते. विदा-पत्रकारितेच्या अभ्यासकाने कोणतेही कोष्टक वाचताना प्रथम प्रमाणाचा छेद तपासावा, तुलनेचा दुसरा पक्ष कोणता ते पाहावे, नोंदीतून कोण वगळले गेले ह्याची चौकशी करावी, आणि ज्याच्यावर आरोप येतो त्याला प्रसिद्धीपूर्वी उत्तराची संधी मिळाली काय हे विचारावे. साधने झपाट्याने बदलत आहेत; १९६७ मध्ये विद्यापीठाच्या संगणकाविना न होणारे पृथक्करण आज विद्यार्थ्याच्या मेजावर होते. वरील चार प्रश्नांची उत्तरे मात्र आजही त्या विद्यार्थ्यालाच शोधावी लागतात.